चढ मोटरचा, उतार शॉकअपचा

कोयनानगर हे सायकलसाठी गैरसोयीचं गाव आहे, आणि या पुस्तिकेला तेच सोयीचं पडलं. पूर्वेकडे पाटणला जाणारा रस्ता नदीच्या कडेकडेनं बऱ्यापैकी सपाट जातो. तेवढा सोडला तर इथून कुठेही निघा, एकतर दम लागतो नाहीतर ब्रेक तापतात. पश्चिमेला हेळवाक मागं पडलं की कुंभार्ली घाट थेट कोकणात उतरतो. खोऱ्याच्या उत्तर अंगाला वनकुसवडे-चाळकेवाडीची पवनचक्क्यांची पठारं आहेत. तिथं पोचायचं तर साधारण पाचशे मीटर उंची चढावी लागते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे चार महिने सगळं भिजलेलं आणि उरलेले आठ महिने त्या चार महिन्यांनी उखडलेलं. साध्या सायकलवर हे सगळं करणारी माणसं आहेत, त्यांना नमस्कार. बाकीच्यांसाठी मोटर आली.

मोटर आली आणि चढाचा प्रश्न खरोखरच सुटला. तो किती सुटला हे कळायला गणित सोपं आहे. चालवणारा सत्तर-पंचाहत्तर किलोचा, सायकल पंचवीस किलोची, मिळून शंभर किलो धरू. हे वजन पाचशे मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा होते सुमारे १३६ वॅट-तास. मोटरमध्ये, साखळीत, टायरच्या घर्षणात जाणारी गळती धरली तर हा आकडा दोनशेच्या पुढं सरकतो. पण त्यातला एक हिस्सा पायांचा असतो. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. म्हणजे पॅडल मारत राहिलात तर पठारावर पोचूनही निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक राहते आणि वेळ लागतो पाऊण तासाच्या आत. घरी येऊन बॅटरी पुन्हा पूर्ण भरायला अर्धा युनिटही वीज लागत नाही. १९६० मेगावॅट क्षमतेच्या कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या दारात बसून अर्ध्या युनिटचा हिशेब मांडायची गंमत वाटते खरी, पण या विषयाचं सगळं मर्म असल्याच छोट्या आकड्यांत आहे.

प्रश्न उतारावर सुरू होतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहाकडे जातं तेव्हा त्याला जवळपास पावणेपाचशे मीटरची उंची मिळते आणि टर्बाइन फिरतात. कुंभार्ली उतरताना साधारण तेवढीच उंची तुम्हाला मिळते, पण तुमच्याकडे टर्बाइन नसतं. आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींच्या चाकातली मोटर गिअरवाली असते, तिच्या आत फ्रीव्हील असतं, त्यामुळे उतारावर ती उलटी फिरून बॅटरी भरत नाही. चढताना घेतलेली सगळी ऊर्जा तुमच्याकडून तीनच ठिकाणी जाऊ शकते: हवेत, ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि सस्पेंशनमध्ये. हवेचं काही करता येत नाही. उरलेल्या दोन जागा नीट नसल्या तर ती ऊर्जा मनगटांत, कंबरेत आणि शेवटी गटारात जाते. ही पुस्तिका त्या दोन जागांबद्दल आहे.

डोंगरी सायकलचा इतिहास पाहिला तर तिथंही क्रम असाच दिसतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही उपद्‌व्यापी पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली टॅमलपाइस डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. तिथल्या एका उतारावर कोस्टर ब्रेक इतके तापत की आतलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागे. म्हणजे आधी ब्रेक सुधारले. सस्पेंशन बऱ्याच उशिरा आलं. पॉल टर्नरच्या रॉकशॉक्स कंपनीचा फोर्क लावून ग्रेग हर्बोल्डनं १९९० साली कोलोरॅडोतल्या डुरँगो इथं झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत डाउनहिलचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्या फोर्कची चाल जेमतेम दोन इंच होती. पण त्या दोन इंचांत हवा होती आणि तेल होतं. या तेलाचं महत्त्व आपल्या बाजारात अजून पोचलेलं नाही. आपल्याकडे फोर्क किती खाली जातो ते बघतात, तो वर कसा येतो ते कुणी बघत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे हा बाजार झपाट्यानं उघडला. हीरो सायकल्सचा लेक्ट्रो हा ब्रँड होताच, २०२० मध्ये पुण्यात ईमोटोरॅड सुरू झाली, आणि बघता बघता चाळीस-पन्नास हजारांत मोटर, बॅटरी, डिस्क ब्रेक आणि पुढं शॉकअप अशी सायकल तालुक्याच्या गावात दिसायला लागली. या किमतीचा हिशेब एकदा डोक्यात घ्यावा. बॅटरी, मोटर, कंट्रोलर आणि चार्जर यांत मोठा वाटा जातो. जे उरतं त्यात फ्रेम, चाकं, गिअर, ब्रेक आणि फोर्क बसवायचे. फोर्कच्या वाट्याला काय येत असेल ते सांगायला नको. कारखान्याला दोष देण्यात अर्थ नाही. या सायकलींचा बहुतेक गिऱ्हाईक शहरातला स्पीडब्रेकर आणि चुकून एखादा खड्डा एवढंच ओलांडतो, आणि तेवढ्याला तो फोर्क पुरतो. वनकुसवड्याच्या जांभ्यावर नेण्याची हौस आपली आहे, तेव्हा खर्चही आपला.

आता हा फोर्क, ज्याला जुने कारागीर चिमटा म्हणतात, तो एकदा उघडूनच बघू. सायकल उलटी करायची, चाक काढायचं. दोन्ही पायांच्या तळाशी आत बसवलेला एकेक बोल्ट असतो. तो दोन-चार आटे सैल करून वरून प्लॅस्टिकच्या हातोडीनं हलके ठोकले की आतली पकड सुटते. मग बोल्ट पूर्ण काढून खालचे पाय सरळ ओढले की बाहेर येतात. एक पावसाळा काढलेल्या फोर्कमध्ये पहिल्यांदा काय दिसतं? कारखान्यातून निघताना पिवळट असलेलं ग्रीस तपकिरी झालेलं असतं. धुळीच्या सीलखाली स्पंजची एक कडी असते, ती बोटांत दाबली की लाल पाणी सुटतं. हा जांभ्याचा गाळ. तो त्या कडीत बसून राहतो आणि फोर्क हलला की वरच्या नळीला पॉलिश पेपरसारखा घासतो. नळीच्या मागच्या बाजूला, जिथं सगळ्यात जास्त जोर येतो, तिथं बोटाच्या नखानं चाचपून पाहा; चकाकी जाऊन खरखर लागली तर सीलचा जीव संपत आलेला आहे.

पण खरी गंमत पुढं आहे. एका पायात लांब स्प्रिंग निघते, तिच्या पोटात रबराचा एक दांडा. वर एक प्लॅस्टिकची गुंडी, जिच्यावर अधिक आणि उणे अशा खुणा असतात. दुसऱ्या पायात, स्वस्त फोर्कमध्ये, पुष्कळदा जवळजवळ काहीच नसतं. असली तर लॉक करायची एक कळ, नसली तर रिकामी दांडी. म्हणजे तुम्ही इतके दिवस ज्याला शॉकअप म्हणत होता त्यात शॉक शोषणारा भाग नव्हताच, नुसती स्प्रिंग होती. आणि ती गुंडी? ती फिरवल्यावर स्प्रिंग आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते, एवढंच. स्प्रिंग त्यानं कडक होत नाही. शंभर किलोच्या माणसानं ती पूर्ण आवळली तरी फोर्क खड्ड्यात तळ गाठायचा तो गाठतोच.

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. खड्ड्यात जेवढं घेतलं तेवढं खड्डा संपल्यावर हातात देते. ही परत येणारी उसळी तेलातून, बारीक छिद्रांतून गाळून तिची उष्णता करून टाकणं हे डॅम्पिंगचं काम. घरच्या घरी तपासायचं असेल तर सायकलशेजारी उभे राहा, पुढचा ब्रेक धरा, हँडल जोरात दाबा आणि झटक्यात सोडा. चाक जमिनीवरून उडी मारत असेल तर डॅम्पिंग नाही. ते उडी न मारता, पण लगेच वर येऊन थांबत असेल तर आहे. एवढी परीक्षा दुकानात सायकल विकत घेताना केली तरी पुस्तिकेतलं अर्धं काम वाचेल.

कोयनेत बसून डॅम्पिंगबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी, इथली जमीन हलली. साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा तो भूकंप. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, हजारो घरं पडली. त्या वेळी धरणात बसवलेल्या कंपनमापकानं भिंतीच्या लांबीच्या दिशेनं गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशाहून थोडा जास्त धक्का नोंदवला. ती नोंद पुढं जगभर पोचली. काँक्रीटची धरणं भूकंपात कशी वागतात याचा अभ्यास करणारा स्थापत्य अभियंता आजही कोयनेची ती आलेखपट्टी वापरतो, आणि त्याच्या समीकरणांत डॅम्पिंगचा एक आकडा असतोच: हललेली भिंत आपल्यात किती ऊर्जा जिरवते. इथं धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली; नंतर खालच्या अंगानं काँक्रीटचे आधार देऊन ती भक्कम केली. आहे ती रचना न पाडता, तिच्या मूळ ठेवणीला धक्का न लावता तिच्यात बळ घालायचं, हे या गावाला माहीत असलेलं तंत्र आहे. सायकल सुधारणारा पोरगा त्याच जातीचं काम फार लहान आकारात करतो. मात्र सुधारणा करताना मूळ ठेवण समजून घ्यावी लागते, आणि तिथंच बहुतेक पैसे वाया जातात.

उदाहरण फोर्कचंच घेऊ. चांगला, हवेची स्प्रिंग आणि तेलाचं डॅम्पिंग असलेला फोर्क घ्यायचं ठरलं. दुकानदार विचारतो चाक किती, तुम्ही सांगता साडेसत्तावीस, तो फोर्क पाठवतो, आणि तो बसत नाही. कारण फोर्क सायकलला चार जागी भेटतो आणि चारही जागा जुळाव्या लागतात. फ्रेमच्या डोक्यातून वर जाणारी नळी सरळ आहे की खाली रुंद होत जाणारी, हे पहिलं. रुंद नळी सरळ डोक्यात कशीही घातली तरी जात नाही. दुसरं, चाकाचा ॲक्सल. स्वस्त सायकलींना ९ मिलिमीटरचा, कळ दाबून सुटणारा ॲक्सल असतो; चांगल्या फोर्कना १५ मिलिमीटरचा आरपार जाणारा. म्हणजे फोर्कबरोबर पुढचं हबही आलं, हब आलं की आरे नव्यानं विणणं आलं, नाहीतर अख्खं चाक. पाठीमागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलींचं एक बरं आहे: पुढचं चाक साधं असतं, बदलणं सोपं. तिसरी जागा ब्रेकचं कॅलिपर बसण्याची. चौथी दिसत नाही, पण सगळ्यात जास्त त्रास देते ती: फोर्कची उंची. शंभर मिलिमीटर चालीसाठी आखलेल्या फ्रेमला हौसेनं एकशेवीसचा फोर्क लावला तर पुढचा भाग वर उचलला जातो आणि डोक्याचा कोन साधारण एका अंशानं मागं झुकतो. उतारावर सायकल जरा शांत होते, हे खरं. पण चढावर पुढचं चाक भटकतं, आणि फ्रेमच्या डोक्यापाशी असलेल्या वेल्डिंगवर कारखान्यानं न धरलेला ताण येतो. वीस मिलिमीटरपर्यंत बरेच जण जातात. त्यापुढं जाऊ नये असं माझं मत आहे, आणि या मताबद्दल वाद घालायला मी तयार नाही.

आणखी एक, ई-सायकलचं वजन. साध्या सायकलपेक्षा दहा-बारा किलो जास्त, आणि ते उतारावर ब्रेक मारताना सगळं पुढं येतं. साध्या हलक्या फोर्कची २८ मिलिमीटरची नळी अशा वेळी मागं वाकते, आणि वाकलेली नळी बुशमध्ये अडकते. म्हणजे ज्या क्षणी सस्पेंशन हवं त्याच क्षणी ते चालत नाही. म्हणून ई-सायकलसाठी म्हणून बनवलेले, ३२ किंवा ३४ मिलिमीटर नळीचे फोर्क घ्यावेत. ते जड असतात. मोटर आहे, उचलेल.

फोर्क बसवला म्हणजे काम झालं असं समजणारे सगळ्यात जास्त भेटतात. हवेच्या फोर्कमध्ये हवा किती भरायची हे तुमच्या वजनावर ठरतं. रीत अशी: वरच्या नळीवर रबराची कडी असते, नसली तर केबल बांधायची प्लॅस्टिकची पट्टी हलकी आवळून लावा. नेहमीचे कपडे, पाठीवरची पिशवी, पाण्याची बाटली, सगळ्यासकट सायकलवर उभे राहा, भिंतीचा आधार घ्या, कडी खाली सीलला टेकवा, आणि न हिसकता उतरा. शंभर मिलिमीटर चालीच्या फोर्कवर कडी वीस ते पंचवीस मिलिमीटरवर असायला हवी. कमी असेल तर हवा काढा, जास्त असेल तर भरा. आणि भरायची ती फक्त शॉकपंपानं. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर या कामाला लावू नका. फोर्कमध्ये हवेची जागा वाटीभरसुद्धा नसते. कंप्रेसरचा एक फुसकारा म्हणजे सील गेलं.

वर येण्याचा वेग नेमणारी गुंडी बहुधा पायाच्या तळाशी, लाल रंगाची असते. पुस्तकं सांगतात की मध्यावर ठेवा. आपल्याकडे त्यात थोडा फरक करावा लागतो. जांभ्याचा सडा म्हणजे एक मोठा खड्डा नव्हे, एकामागून एक येणारी बोटभर खोल भोकं आहेत. फोर्क हळू वर येत असेल तर पहिल्या भोकात दबतो, पूर्ण वर यायच्या आत दुसरं येतं, मग तिसरं, आणि दहा मीटरांत त्याची चाल संपून तो दगड होतो. चालवणाऱ्याला वाटतं फोर्क कडक आहे. तो हवा काढतो आणि प्रकार आणखी बिघडतो. अशा वाटेवर गुंडी एक-दोन टिकटिक उघडी ठेवा. घाटाच्या डांबरी रस्त्यावर, मोठ्या सुट्या खड्ड्यांत, उलटं. हे हातांना कळायला लागलं की गुंडीकडे बघावं लागत नाही.

मागच्या शॉकअपबद्दल थोडक्यात. माझ्या मते या किमतीत मागं सस्पेंशन नसलेली सायकल बरी. मागच्या शॉकवर कोरलेले साडेपाचशे, साडेसातशे हे आकडे स्प्रिंगच्या कडकपणाचे असतात, शॉकच्या दर्जाचे नव्हेत. शॉक पन्नास मिलिमीटर दबला आणि चाक एकशेवीस मिलिमीटर वर गेलं तर गुणोत्तर २.४ होतं, हे प्रत्येक फ्रेमचं वेगळं, म्हणून मित्राच्या सायकलला बसलेली स्प्रिंग तुमच्या सायकलला बसेलच असं नाही. त्यात मागच्या चाकात मोटर असली तर तीन-चार किलो वजन स्प्रिंगच्या खालच्या बाजूला लटकलेलं, ते खड्ड्यानंतर जमिनीवर परत आणणं महागड्या डॅम्परलाही जड जातं. मोटर मधे, पॅडलपाशी असलेल्या सायकलींची गोष्ट निराळी, पण त्यांची किंमतही निराळी. मागं साध्या फ्रेमची सायकल असेल तर सीटखाली सस्पेंशनवाला दांडा घाला. कंबर दुवा देईल.

खरं तर या सगळ्याच्या आधी टायर. हा मुद्दा सगळ्यांत कमी खर्चाचा आहे म्हणून कुणी ऐकत नाही. बहुतेक जण टायरमध्ये पन्नास-साठ पीएसआय हवा ठोकतात, कारण सायकल हलकी पळते. चढासाठी मोटर असताना हलकी पळवायची घाई कशाला? २.३ किंवा २.४ इंची टायर, ट्यूबलेस करून, पंचविशीच्या आसपास हवा; हे पहिलं सस्पेंशन, आणि फोर्कपेक्षा ते दगड आधी ओळखतं. ट्यूब ठेवायची असेल तर इतकं खाली जाऊ नका, रिम दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

त्यानंतर ब्रेक. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आणि १६० मिलिमीटरची डिस्क ही पुष्कळ सायकलींची कारखान्यातली जोडी. शंभर किलो वजन कुंभार्लीतून उतरवायला ती अपुरी आहे. पुढं तरी १८० ची डिस्क आणि हायड्रॉलिक कॅलिपर हवं. पण इथं ई-सायकलचा एक खास खाचखळगा आहे. कारखान्याच्या ब्रेकच्या मुठीत एक बारीक स्विच असतो. मूठ दाबली की तो मोटर बंद करतो. साधी हायड्रॉलिक मूठ लावली की तो स्विच गेला. मग तुम्ही ब्रेक दाबताय आणि मोटर अजून ढकलतेय अशी स्थिती येते, विशेषतः पॅडल सेन्सर उशिरा थांबणाऱ्या सायकलींत. म्हणून स्विच असलेल्याच मुठी घ्या किंवा बाहेरून लावायचा चुंबकाचा सेन्सर जोडा. पॅडच्या बाबतीतही तसंच: साधे रेझिनचे पॅड कोयनेच्या पावसात, चिखलाच्या पाण्यात, साबणासारखे झिजतात. धातूमिश्रित पॅड टिकतात, आवाज करतात, पण सगळ्याच डिस्कवर चालत नाहीत. काही डिस्कवर फक्त रेझिन असं छापलेलंच असतं. ते वाचावं.

मोटरबद्दल मला जे विचारलं जातं ते नेहमी एकच असतं: स्पीड कसा उघडायचा? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार पॅडलला मदत करणारी सायकल मोटार वाहन ठरत नाही, पण मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत असेल तरच. ही चौकट ओलांडली की तीच सायकल बिनानंबरची, बिनाविम्याची गाडी होते, आणि अपघात झाला तर ते फार महागात पडतं. कायदा बाजूला ठेवला तरी वर मांडलेलं गणित आहेच: अडीचशे वॅट पुरतात. चाकातली मोटर चढावर तापते ती कमी ताकदीमुळे कमी आणि सावकाश फिरल्यामुळे जास्त. चढ आला की गिअर हलका करा, पॅडल भराभर मारा, मोटर आपल्या वेगात फिरू द्या. बदल करायचाच असेल तर मागच्या ॲक्सलला टॉर्क आर्म लावा. मोटरचा रेटा ॲक्सललाच फिरवू पाहतो. त्याला धरून ठेवणाऱ्या फ्रेमच्या खाचा ॲल्युमिनियमच्या असल्या तर हळूहळू रुंदावतात. काही तुटेपर्यंत कळत नाही.

पाण्याविषयी इथं राहणाऱ्याला मी काय सांगणार. फक्त एवढंच की मोटरच्या वायरला ॲक्सलपाशी खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे थेंब वायरवरून आत न जाता वळशावरून गळतो. जोडांना डायइलेक्ट्रिक ग्रीस. गाडी धुण्याच्या सेंटरवरची पिचकारी सायकलवर मारू नका, भले तिथला पोरगा फुकट धुऊन देत असो. भिजलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका.

राहता राहिल्या वाटा. या पुस्तिकेत नकाशा नाही, तो मुद्दाम वगळला आहे. कोयना अभयारण्य १९८५ चं, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय सायकल नेता येत नाही, आणि नेऊही नये. ई-सायकलचा धोका तिच्या शांतपणात आहे. उतारावर ती आवाज न करता येते आणि वळणापलीकडच्या गव्याला किंवा अस्वलाला ती कळते तेव्हा अंतर उरलेलं नसतं. आपल्या गावांमधल्या गाडीवाटा, पवनचक्क्यांकडे जाणारे कच्चे रस्ते, धरणाच्या खालचं खोरं, एवढं क्षेत्र एका जन्माला पुरेसं आहे. पठारावर मात्र रस्ता सोडून सड्यावर उतरू नका. जांभ्यावरची माती दोन बोटं जाडीची असते, पावसाळ्यानंतरची फुलं त्यात उगवतात, आणि तिच्यावर एकदा उठलेली टायरची चाकोरी पुढच्या पावसात ओहळ होते.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक काम स्वतंत्र दिलं आहे: हत्यारं, क्रम, कुठला बोल्ट किती आवळायचा. क्रम मी सुचवतो तो टायर, ब्रेक, फोर्क, मग बाकीचं. नवा फोर्क बसवल्यावर पहिल्याच दिवशी कुंभार्ली उतरू नका. कोयनानगर ते पाटण सपाट रस्त्यानं जा, वाटेत दोन-तीन वेळा थांबून पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढं-मागं हलवून पाहा. हेडसेटमध्ये खडखड लागली तर स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा, वरचा बोल्ट थोडा आवळा, मग बाजूचे पुन्हा घट्ट करा. नव्या हेडसेटचे बेअरिंग पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरांत बसतात, आणि ही खडखड तेव्हाच येते.